दोन रेघांचे धारित्र

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीसाठी कंपनीने ‘टेक्निकल रेफरन्स’ नावाचे पुस्तक काढले होते. मुख्य फलकाचे संपूर्ण मंडलचित्र त्यात आहे, बायॉसची आज्ञावलीही ओळीने छापली आहे. इतका मोकळेपणा पुढे दुर्मिळ झाला, म्हणून आम्ही या पुस्तकाला फार मानतो. मात्र नादुरुस्त फलक शेजारी ठेवून ते उघडले की एक उणीव जाणवते. चित्रातले धारित्र, म्हणजे कपॅसिटर, हे नुसत्या दोन रेघा असते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तरी वेगळे काय आहे? दोन पट्ट्या, मध्ये विद्युतरोधक, एक सूत्र, की धडा संपला.

या संगणकाचा जुना आजार असा : बटण दाबावे तर काहीच घडत नाही. फलकावरचे वाटाण्याएवढे टँटॅलमचे धारित्र शॉर्ट झालेले असते आणि वीजपुरवठा स्वतःला बंद करून घेतो. कधी ते धारित्र चक्क पेट घेते. त्यात टँटॅलमची दाबून भाजलेली भुकटी असते, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि त्यावर मँगनीज डायऑक्साइड. थराला भोक पडून जोरात प्रवाह गेला की तापलेले मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिजन सोडते. इंधन आणि ऑक्सिजन एकाच मण्यात! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हे उदाहरण का सोडावे?

१२ व्होल्टच्या वाहिनीवर आयबीएमने १६ व्होल्टची धारित्रे बसवली. टँटॅलम निम्म्या दाबावर वापरावे, हा जाणकारांचा संकेत. आमच्या मते इथे हात आखडता घेतला गेला. अर्थात त्यांतली कित्येक धारित्रे चाळीस वर्षे टिकली, हेही खरे.

दोषी मणी शोधणे मजेचे आहे. पुरवठा काढून मीटर लावावा, तर वाहिनीवरच्या प्रत्येक धारित्रावर शून्याजवळचा रोध दिसतो, कारण ती सारी समांतर जोडलेली. एकेकाचे एक टोक सोडवूनच चोर सापडतो. बदली धारित्र तेवढ्याच धारितेचे, पण २५ किंवा ३५ व्होल्टचे घ्यावे. टँटॅलमच्या मण्यावर खूण धन टोकाला असते, ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर बहुधा ऋण टोकाला. उलट बसवले तर पुन्हा धूर.

पुरवठ्याची पेटी मात्र वर्गात उघडू नये. २३० व्होल्टचे एकदिशीकरण झाल्यावर आतल्या धारित्रांत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहतात.