पापक, धनपाली आणि दगडू

माझ्या नातीचे नाव करुणा. यंदा ती नववीत आहे आणि स्वभावाने अतिशय तापट. "हे नाव मला शोभत नाही, दहावीचा फॉर्म भरायच्या आत बदलून द्या," असा तिने हट्ट धरला. तिची समजूत घालण्यासाठी मी तिला नामसिद्धी जातक सांगितले. समजूत पटली नाहीच. उलट तिच्या एका प्रश्नामुळे ती कथा मलाच पुन्हा वाचावी लागली.

कथा अशी : तक्षशिलेच्या एका विख्यात आचार्यांचा पापक नावाचा शिष्य असतो. हरघडी त्याच नावाने हाका ऐकून तो विटतो नि दुसरे नाव मागतो. आचार्य म्हणतात, हिंडून ये, आवडेल ते नाव शोधून आण. वाटेत त्याला प्रेतयात्रा दिसते. मेलेल्याचे नाव जीवक. पुढे मजुरी आणून दिली नाही म्हणून एका दासीला धनी दोराने मारत असतात. तिचे नाव धनपाली. आणखी पुढे वाट चुकलेला एकजण भेटतो, तो पंथक. नाव ही केवळ ओळखीची खूण, हे उमगून पापक परत येतो आणि जुन्याच नावावर समाधान मानतो.

नातीने विचारले, "मग त्या धनपालीला सोडवलं का कुणी?"

कथेत याचे उत्तर नाही. पापक मारण्याचे कारण विचारतो, नाव विचारतो नि पुढल्या वाटेला लागतो. दासीच्या पाठीवरचे वळ कथाकाराला केवळ दृष्टांतासाठी हवे आहेत.

नावात शुभाशुभ काही नसते, हा कथेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्योतिषाकडून राशीचे अक्षर आणून बारसे करणाऱ्या आपल्यातल्या काही घरांनी तर ही कथा अवश्य वाचावी. परंतु मिळाले त्या नावावर समाधान मान, हा सल्ला कोणाला परवडतो? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे, ठेवावे अशी आज्ञा आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हेही होते. खूण खरी, पण ती कोणी आणि कोणत्या हेतूने डकवली, हा प्रश्न जातककथा विचारतच नाही.

अर्थात सगळाच दोष मनूच्या माथी मारून भागणार नाही. माझे पाळण्यातले नाव कचरू. आधीची दोन भावंडे दगावली होती. म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवून परत उचलले नि हे नाव दिले. तिच्या तोंडी ते मायेचे होते. अशी नावे वरच्या जातींतही असत; महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पण तिकडे धोंडोचा धोंडोपंत होई, आमच्याकडे धोंड्या. अपमान नावापेक्षा हाकेत होता.

म्हणून 1978 साली आलेले 'बलुतं' मला या जातकाचे खरे उत्तर वाटते. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. नाव निव्वळ खूण असते, तर एकाच माणसाची अशी दोन माणसे करायची लेखकाला गरज पडली नसती. दया झाल्याने दगडू जात नाही, तो समोर येऊन बसतो.

1956 च्या धर्मांतरानंतर आम्ही सिद्धार्थ, राहुल, सुजाता, प्रज्ञा अशी नावे ठेवली. ती मुलांचा स्वभाव पाहून ठेवली नव्हती. बारा दिवसांच्या पोराला कसला आलाय स्वभाव? तो आमचा संकल्प होता, आणि तो वाहायला मुलांना लावला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण मूल वाढल्यावर तेच नाव त्याच्यापुढे आरशासारखे धरून "बघ, तू असा नाहीस" म्हणणे ही आमची नवी जबरदस्ती आहे, आणि ती मीही केली आहे.

धनपालीची चौकशी करणाऱ्या मुलीचे नाव चुकले, असे मला वाटत नाही. हे तिला मात्र बोललो नाही. पुन्हा नावानेच बांधल्यासारखे झाले असते. फॉर्मला अजून अवकाश आहे. तिने वहीत दोन नावे लिहून ठेवली आहेत म्हणे. मला दाखवायला ती तयार नाही.