२५.२ टक्के, पण कुणाचे?

वर्ध्यातल्या आदिवासी बायांवर होणाऱ्या कौटुंबिक हिंसाचाराचा सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्याच पानावर एक आकडा येऊन बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं, की महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. आधीच्या फेरीत हाच आकडा २१.३ होता. पुढचं वाक्य लगेच तयार असतं: 'हिंसाचार वाढला.' जरा थांबा. बाया जास्त बोलायला लागल्या तरी आकडा वाढतोच ना?

सर्वेक्षण टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. 'नवरा त्रास देतो का?' असं मोघम न विचारता ढकललं का, थापड मारली का, केस ओढले का, असं एकेक विचारतात. हे आपण उचलावं असंच आहे. पण हा भाग निवडक घरांतच विचारला जातो, म्हणून अंदाज राज्यापुरता धरायचा. तो वर्धा जिल्ह्याला लावता येत नाही, मग जिल्ह्यातल्या गोंड-कोलामांची गोष्टच सोडा.

मला जास्त खटकतो तो एकांत. कोलाम पोडावर घरं थोडी आणि बहुतेक नात्यातली. बाहेरची बाई आली, अमकीशी अर्धा तास बोलली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. विचारणारी त्याच दिवशी निघून जाते. उत्तर देणारीला तिथंच राहायचं असतं. अशा ठिकाणी आलेलं 'नाही' मी तरी शून्य म्हणून मोजणार नाही. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितली, आणि तीही बहुतेक माहेरच्यांकडे.

'नाही'च्या पलीकडचं कळतं ते परत परत जाणाऱ्या कार्यकर्तीला. आपल्याकडे या कामाला जुनी वाट आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते, पण बाजू बाईची घेते. २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी आणि घटना अहवालही आणला. पण हे काम मोजायला निघालेले शोधनिबंध बघा: 'नोंद', 'समुपदेशन', 'तडजोड', 'न्यायालय' एवढेच रकाने. 'तडजोड' म्हणजे मार थांबला, की बाई थकली? रकाना सांगत नाही. सहा महिन्यांनी ती कुठे राहते, मजुरीचा पैसा कुणाच्या हातात असतो, हे विचारलेलं क्वचितच दिसतं.

आदिवासी वस्तीत तर हा रकाना आणखी फसवा ठरतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) वाचा: केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे फारकत रूढीने, समाजाच्या पंचांसमोर. २००५ चा कायदा मात्र धर्म-जमात बघत नाही. लग्नासारखं नातंही त्यात बसतं. आता कार्यकर्तीने काय करायचं? अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नेला तर पंच बिथरतात, पंचांकडेच ठेवला तर बाईचं म्हणणं नवऱ्याच्या भावकीसमोर मांडायचं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण पाणी भरायला ती एकटीच जाते. ही निवड रोजची आहे, आणि आपल्या निबंधांत तिला एक ओळही नसते.

दारूचंही तसंच. 'नवरा दारू पितो का?' हा प्रश्न सगळे प्रश्नावलीत घालतात. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. इथे 'हो' म्हणणं म्हणजे घरच्या माणसाचा गुन्हा सांगणं, त्यातून तो दारू गाळणारा असला तर बघायलाच नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या मार्गदर्शिकेत बाईची सुरक्षितता विदेच्या आधी येते, आणि मदतीची सोय लावूनच प्रश्न विचारा असं म्हटलंय. तेव्हा सिनॉप्सिसच्या 'पद्धती' प्रकरणात नमुना संख्येच्या आधी हे लिहा: मुलाखत देताना बाई रडायला लागली तर कुणाला फोन करणार, आणि तो माणूस पोडापर्यंत किती वेळात पोचतो.