स्वायत्त निर्मिती आणि जतनाचा प्रश्न

पॉडकास्ट आणि व्हिडिओ-वाहिन्या यांच्या द्वारे आपला व्यासंग लोकांपुढे मांडणाऱ्या निर्मात्यांचा एक वर्ग महाराष्ट्रात उदयास आला आहे. प्रकाशक, नाट्यसंस्था वा नभोवाणी यांच्या संमतीची वाट न पाहता निर्मितीस आरंभ करणे, हे या वर्गाचे प्रमुख लक्षण होय. त्याच्या लोकप्रियतेची चर्चा पुष्कळ होते. परंतु ही निर्मिती पुढील अभ्यासकांस उपलब्ध राहील काय, हा मूलभूत प्रश्न उपेक्षितच राहतो.

कोल्हापूरला या प्रश्नाचे विस्मरण परवडण्यासारखे नाही. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी तो ध्यास सुटला नाही. तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. साधन स्वतःचे असले म्हणजे विषयनिवडीचे धैर्य येते, याची साक्ष १९२५ च्या ‘सावकारी पाश’ने दिली. पौराणिक कथांची चलती असताना त्याने कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. तथापि तो मूकपट आज उपलब्ध नाही. त्याची कीर्ती उरली आहे, ती प्रेक्षकांच्या आठवणींमुळे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते.

आजच्या निर्मितीचे वाङ्मयीन मूल्य प्रामुख्याने तिच्या भाषेत आहे. छापील मुलाखतीत संपादक बोलणाऱ्याचे अडखळणे, पुनरुक्ती आणि प्रादेशिक हेल पुसून टाकतो. ध्वनिमुद्रणात ते सारे शाबूत राहते. पाककृती सांगणारी गृहिणी किंवा शेतीची माहिती देणारा शेतकरी आपल्या बोलीतच विषय उलगडतो, तेव्हा कोशात न सापडणारे शब्द त्यांच्या उच्चारांसह नोंदले जातात. शिवाय हा प्रकार आत्मपरीक्षणासही असमर्थ नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या वाहिनीवरील ‘कास्टिंग काऊच’ या मालिकेत अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी मुलाखतीच्याच रूढ संकेतांची थट्टा केली; औपचारिक स्तुतीचा पोकळपणा तिने उघडा पाडला.

अर्थात या प्रकाराचे दोषही स्पष्ट आहेत. संपादकाचा जाच गेला, त्याबरोबर त्याचा विवेकही गेला. तासन्‌तास चालणाऱ्या अनेक संवादांत पाल्हाळालाच आत्मीयता समजले जाते. परंतु याहून गंभीर उणीव स्वायत्ततेच्या कल्पनेतच आहे. निर्मितीचे साधन निर्मात्याच्या हाती आले. प्रसाराचे आणि जतनाचे मात्र आले नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. त्या निर्णयाची राजकीय कारणे काहीही असोत, ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य हौशी कलावंतांची निर्मिती येथील प्रेक्षकांना एकाएकी दिसेनाशी झाली. मूकपटांच्या फिती कालौघात नष्ट झाल्या. येथे एक आदेश पुरेसा ठरला.

या दृष्टीने पॉडकास्ट आणि व्हिडिओ-वाहिनी यांत भेद करणे अगत्याचे आहे. पॉडकास्टची मूळ रचना अशी की, ध्वनिफीत निर्मात्याने निवडलेल्या जागी राहते आणि निरनिराळी उपयोजने केवळ तिचा पत्ता श्रोत्यापर्यंत पोहोचवितात. व्हिडिओ-वाहिनीचे घर मात्र बहुधा दुसऱ्याच्या मालकीचे असते. म्हणून पहिलीत स्वायत्ततेची शक्यता अधिक. पण निर्मात्याने मूळ फीत जपली नाही, तर तीही व्यर्थ होय.

सबब विद्यापीठीय मराठी विभागांचे कर्तव्य दुहेरी ठरते. या निर्मितीस संहिता मानून तिची चिकित्सा करावी. आणि निर्मात्यांच्या अनुमतीने निवडक ध्वनिफिती, त्यांची लिखित प्रत व तारखांच्या नोंदी यांसह, ग्रंथालयात ठेवाव्यात. ‘सावकारी पाश’विषयी आज आठवणींवर विसंबावे लागते; उद्याच्या संशोधकावर या बोलींविषयी तीच पाळी येऊ नये.