भिंगविकृतीच्या गणिती प्रारूपाची निवड : गावठाण मोजणीच्या संदर्भात एक चिकित्सा

पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ही पद्धत अनेक राज्यांत नेली. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्यावर, भिंगाच्या दोषामुळे चित्राच्या कडेला वाकलेली दिसणारी भिंत हा केवळ छायाचित्रकाराचा विषय राहत नाही. एक पिक्सेल जमिनीवर ५ सेंमी धरल्यास दोन पिक्सेलची न सुधारलेली विकृती १० सेंमी होते. सामाईक भिंतीच्या वादाला एवढे अंतर पुरेसे आहे.

या दुरुस्तीचे सर्वाधिक रूढ प्रारूप कॉनरॅडी (१९१९) व ब्राऊन (१९६६, १९७१) यांच्या कार्यातून आलेले आहे. चित्रमध्यापासूनच्या अंतराची बहुपदी आणि भिंगे एका अक्षावर नसल्याने येणाऱ्या दोषासाठी आणखी दोन सहगुणक, अशी त्याची रचना आहे. झांग यांच्या पद्धतीत (२०००) बहुपदीचे दोनच सहगुणक होते. फिट्झगिबन (२००१) यांनी भागाकाराचे रूप घेऊन एकाच सहगुणकावर काम भागवले.

सहगुणक वाढविले की अवशिष्ट त्रुटी घटते, आणि नेमकी येथेच फसगत होते. ज्या बिंदूंवरून प्रारूप बेतले, त्यांच्याशी ते जुळणारच. ही त्याच्या गुणवत्तेची साक्ष नव्हे. कडेला, जेथे बिंदू विरळ असतात, तेथे बहुपदीचे वरचे घात भलतीकडे वळतात.

याहून गंभीर दोष उड्डाणाच्या आखणीत असतो. सर्व छायाचित्रे सरळ खाली पाहून घेतली आणि त्यांवरूनच कॅमेऱ्याचे गुणधर्म काढले, तर सपाट जमीन घुमटासारखी फुगलेली दिसू शकते, हे जेम्स व रॉबसन यांनी २०१४ मध्ये दाखविले. काही तिरकी छायाचित्रे घेतल्यास हा दोष बराच कमी होतो. म्हणजे प्रारूपाची निवड संगणकासमोर बसण्यापूर्वीच अर्धी झालेली असते.

धाराशिव जिल्ह्यातील येडशीचा विचार केल्यास हे स्पष्ट होईल. सपाट वस्तीवर नाभीय अंतर आणि उड्डाणाची उंची यांचे परिणाम गणनेत वेगळे काढता येत नाहीत. बालाघाटातील रामलिंगाच्या दरीत उंचीचा फरक त्यास साहाय्य करतो. मात्र दाट झाडीत जुळणारे बिंदू मिळणे कठीण. शिवाय घुमटदोष मुख्यतः उंचीत उतरत असल्याने मिळकतीच्या सीमेपेक्षा नाल्याच्या उताराच्या आणि पाणलोटाच्या कामांना तो अधिक बाधक ठरतो. या भेदाकडे सहसा दुर्लक्ष होते.

म्हणून गणनेत न घेतलेल्या, तपासणीसाठी राखलेल्या बिंदूंवरील त्रुटी, विशेषतः गावठाणाच्या कडेच्या, स्वतंत्रपणे नोंदविल्या जाव्यात. चावडीसमोरचा एकच बिंदू याबाबत फारसे सांगू शकत नाही.