रिकामी चढाई

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर जून-जुलै म्हणजे शटर ओढलेलं दुकान. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, होड्या झापांनी झाकून वर ओढलेल्या, गेटवे-मांडवा लाँच बंद, आणि अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातली कबड्डीची मैदानं पाण्याखाली. ज्या पटांगणात मार्चमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सामने चालले, तिथे बेडूक ओरडत असतात. खेळणाऱ्यांना ही विश्रांती असते. बघणाऱ्यांना नसते. आपला संघ हरत असेल तर बघणाऱ्याचा हंगाम खरा इथूनच सुरू होतो.

२०२४चा पावसाळा मला असाच जड गेला. मार्चच्या सुरुवातीला प्रो कबड्डीचा दहावा हंगाम संपला तेव्हा यू मुंबा बारा संघांत दहावा होता. त्याआधीचे दोन हंगामही बाद फेरीचं तोंड न बघता गेले होते. ज्यांनी हा संघ अलीकडे बघायला घेतला त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. मी २०१४पासून बघतोय. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा अंतिम फेरी : २०१४ला जयपूरकडून हार, २०१५ला बंगळुरूला ३६-३० असं हरवून विजेतेपद, २०१६ला पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी हार. अनुपकुमार चढाईला निघाला की घरातल्या बायकासुद्धा हातातलं काम ठेवून टीव्हीसमोर यायच्या. घाई नाही, आरडाओरडा नाही, बोनसची रेषा शिवून माणूस हसत परत. त्या वयात लागलेली सवय सुटत नाही. संघ बदलला, अनुप गेला, त्याच्यानंतरचेही गेले, मी तिथेच.

तर त्या पावसाळ्यात दोन गोष्टी केल्या. ऑगस्टमधल्या लिलावात यू मुंबाने कोणाला घ्यावं याची एक्सेल शीट बनवायला घेतली, आणि ‘मनीबॉल’ पाहिला. मग पुस्तकही वाचलं. हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे, पण माझ्या शीटबद्दल बोलल्याशिवाय त्याबद्दल बोलता येत नाही.

मायकल लुइसचं ‘मनीबॉल’ २००३ सालचं. त्यावरचा बेनेट मिलरचा चित्रपट २०११चा, ब्रॅड पिट असलेला. गोष्ट ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाची. २००१ला या संघाने १०२ सामने जिंकले आणि बाद फेरीत न्यूयॉर्क यँकीजकडून हरला. हिवाळ्यात श्रीमंत संघांनी त्यांचे तीन मोठे खेळाडू उचलले, त्यातला जेसन जिआम्बी तर यँकीजनीच. ओकलंडच्या सगळ्या संघाचा पगार चार कोटी डॉलर्सच्या आसपास, यँकीजचा त्याच्या तिप्पट. मग बिली बीन हा व्यवस्थापक आकडेवारीच्या जोरावर असे खेळाडू शोधतो ज्यांची बाजारात किंमत नाही. बेसबॉलमध्ये टप्प्याबाहेरचा चेंडू न मारता सोडला, आणि असे चार सोडले, की पहिला तळ फुकट मिळतो. सोडणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून पैसेही मिळत नाहीत. बीन असे सोडणारे गोळा करतो. कोपराची नस दुखावल्यामुळे ज्याला चेंडूच नीट फेकता येत नाही तो स्कॉट हॅटेबर्ग, आणि जमिनीलगत हात नेऊन विचित्र चेंडू टाकणारा म्हणून कोणाला नको असलेला चॅड ब्रॅडफर्ड. २००२ला हा संघ १०३ सामने जिंकतो, त्यातले २० सलग.

खेळावरच्या बहुतेक चित्रपटांत मैदान असतं. इथे बराचसा वेळ बंद खोल्या, फोन, पांढरे फळे आणि रिकामं स्टेडियम आहे. हंगाम नसतानाच्या काळात चाहत्याच्या डोक्यात जे चालतं तेच पडद्यावर दिसतं, म्हणून मला तो एका बैठकीत दोनदा बघवला. बीन स्वतःच्या संघाचे सामने बघत नाही, हे तर मला फारच पटलं. माझी आई शेवटची पाच मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन बसते.

पण चित्रपट खोटं बोलतो, आणि हे खोटं किरकोळ नाही. २००२च्या ओकलंडमध्ये टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन तरुण गोलंदाज होते. झिटोला त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम गोलंदाजाचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा त्याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चित्रपटात हे असून नसल्यासारखे. ते आधीच संघात होते आणि जुन्या पद्धतीने माणसं हेरणाऱ्यांनीच त्यातल्या बहुतेकांना आणलं होतं, हे सांगितलं तर गोष्टीची हवा जाते. विसावा विजय हॅटेबर्गच्या षटकाराने मिळाला हे खरं. ११-०ची आघाडी ११-११ झाली आणि मग तो आला, हेही खरंच. एवढं नाट्य आयतं मिळाल्यावर गोलंदाजांना कोण विचारणार?

पुस्तक जास्त प्रामाणिक आहे, आणि म्हणून त्याच्याशी भांडावंसं वाटतं. बिली बीन स्वतः हेरगिरीच्या चुकीचं उदाहरण होता, हा लुइसचा सगळ्यात चांगला धागा. १९८०मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला पहिल्या फेरीत निवडलं ते त्याची अंगकाठी बघून, आणि खेळाडू म्हणून तो फसला. ‘दिसण्यावरून’ केलेल्या निवडीबद्दलचा त्याचा राग तिथून येतो. पण हा राग लुइस स्वतःचा करून घेतो, आणि गावोगाव फिरणारे म्हातारे हेरगिरे त्याच्या हातून तंबाखू चघळणारे विदूषक होतात. बिल जेम्स हा आकड्यांचा मूळपुरुष कॅन्ससमधल्या एका कॅनिंग कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. त्याच्यावर लुइस प्रेमाने लिहितो, कारण तो लिहिणारा होता. ज्यांचं ज्ञान फक्त बोलण्यात आणि बघण्यात होतं, त्यांना हे प्रेम मिळत नाही.

हे मला माझ्या शीटवर कळलं. सुरुवात सोपी होती. प्रत्येक खेळाडूचे चढाईचे गुण, पकडीचे गुण, सामने, वय, आणि मागची किंमत. लीगमध्ये तेव्हा खेळाडूंचे गट होते : ‘अ’ गटाची मूळ किंमत ३० लाख, ‘ब’ २० लाख, ‘क’ १३ लाख, ‘ड’ ९ लाख. गुणांना किमतीने भागायचं आणि उतरत्या क्रमाने लावायचं, दोन तासांचं काम. मग प्रश्न आला की कबड्डीतला ‘सोडलेला चेंडू’ कोणता?

उत्तर होतं रिकामी चढाई. चढाईपटू आत येतो, तीस सेकंद हुलकावण्या देतो, कोणालाही न शिवता परत जातो. धावफलक हलत नाही. पण सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. सामना इथे फिरतो. लीगच्या नोंदीत रिकाम्या चढाया मोजल्या जातात, पण चढाई करणाऱ्याच्या नावावर, त्याचं अपयश म्हणून. ती रिकामी कोणी केली, याला रकाना नाही. मी तो रकाना तयार करायचं ठरवलं. जुन्या सामन्यांची चित्रणं लावून हाताने मोजायला बसलो. एका सामन्यात ऐंशीच्या आसपास चढाया, आणि प्रत्येक वेळी मागे-पुढे करून बघायचं की हा परत का फिरला. चौथ्या सामन्याला लक्षात आलं की मला सांगता येत नाही. सात जण एकत्र सरकतात. उजवा कोपरा अर्धं पाऊल पुढे आला म्हणून तो फिरला, की मध्यरक्षकाने त्याची परतीची वाट आखडली म्हणून? श्रेय कोणाला द्यायचं?

माझे एक चुलते गावच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचे. आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांना लॅपटॉप दाखवून विचारलं, तुमच्या वेळी तुम्ही एका सामन्यात किती पकडी करायचात? त्यांनी जरा आठवून सांगितलं, एखादी. कधी एकही नाही. मला वाटलं, म्हणजे साधारणच. मग म्हणाले, “अरे, तो माझ्याकडं यायचाच नाही. सगळे तिकडं उजवीकडंच मरायचे.” माझ्या सूत्रात काका शून्य आले असते. लुइसच्या हेरगिऱ्यांसारखे आमच्याकडेही मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसणारे असतात. कुठल्या गावचा पोरगा पाय उचलण्याआधी खांदा पाडतो, हे ते सांगतात. मला ते एक्सेलमध्ये घालता आलं नाही, यात त्यांचं काही उणं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच रात्री दिसली, तिचा त्रास अजून होतो. शीटच्या शेवटच्या रकान्याला मी ‘स्वस्त’ असं नाव दिलं होतं. हिरवा रंग म्हणजे स्वस्त. हिरव्या रांगांमधली बरीच मुलं ९ लाखांवाली होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आमच्या गावासारख्याच गावांतली. गुडघा गेला की दुसरा धंदा शोधावा लागणारी. आणि मी, ज्याला स्वतःच्या कंपनीत मूल्यांकनाच्या वेळी कोणाच्या तरी शीटवर असाच रंग लावला जातो, खुशीत होतो की हा कमी पैशांत मिळेल. पगार माझ्या खिशातून जात नव्हता, तरी मी मालकाच्या खुर्चीत बसून विचार करत होतो. ‘मनीबॉल’ची खरी जादू ही आहे. ते वाचणाऱ्या प्रत्येकाला फुकटात मालक करतं. ज्याची किंमत बाजाराला कळली नाही त्याला न्याय मिळाला, असं लुइस लिहितो. हॅटेबर्गला संधी मिळाली हे खरं. पण किंमत कळल्यावर ती त्याला द्यावी, हा त्या पुस्तकाचा विषयच नाही. न देता काम भागलं हा विषय आहे.

ओकलंडच्या चाहत्यांनी याचा शेवट बघितला. हुशारीने काटकसर करणारा संघ पुढे नुसताच काटकसर करणारा उरला. २०२३ला त्यांनी ११२ सामने हरले. त्या वर्षी १३ जूनला चाहत्यांनी बहिष्काराच्या उलटं केलं : मुद्दाम गर्दी करून आले, पंचवीस हजारांहून जास्त, अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर मालकाला उद्देशून एकच शब्द, ‘विका’. मालकाने विकलं नाही, संघच हलवला. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. आता ते सॅक्रमेंटोत खेळतात, लास वेगासची इमारत तयार होईपर्यंत. ‘पुढच्या वर्षी कोणाला घ्यावं’ ही चिंता सुखाची म्हणावी, अशी त्या लोकांची गत झाली.

ही बातमी मी वाचली तेव्हा अकराव्या हंगामाचं वेळापत्रक आलेलं होतं. हैदराबाद, नोएडा, पुणे. मुंबई नाही. जानेवारी २०२४मध्ये वरळीच्या डोममध्ये यू मुंबाचे सामने झाले होते, त्यानंतरचा हंगाम मुंबईबाहेर. संघाच्या नावात गाव आहे, गावात सामना नाही, आणि यावर कोणी टीशर्ट छापले नाहीत. मीही नाही. मी सूत्रं दुरुस्त करत होतो.

लिलाव १५ आणि १६ ऑगस्टला मुंबईत झाला. माझा हट्ट होता की गुमान सिंगला काहीही करून राखावं. तो १ कोटी ९७ लाखांना गुजरातकडे गेला. यू मुंबाने १ कोटी १ लाख ५० हजारांना सुनील कुमार घेतला, उजवा मध्यरक्षक, जयपूरला कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिलेला. माझ्या शीटवर तो लालभडक होता : महाग. मी चिडून मित्रांना लांबलचक मेसेज लिहिला. हंगाम संपला तेव्हा गुजरात तळाच्या दोन संघांत होता आणि यू मुंबा पाचवा, बाद फेरीत. चढायांचा भार बराचसा अजित चव्हाण या नवख्या पोराने उचलला. तो माझ्या शीटवर लाल नव्हता की हिरवा नव्हता. त्याचं नावच तिथे नव्हतं. २६ डिसेंबरला पाटण्याने आम्हाला ३१-२३ असं हरवलं.

त्यानंतरच्या शनिवारी गावाकडे सामने होते. मातीवर पाणी मारून झालेलं, दिव्यांभोवती किडे, लाउडस्पीकरवर पंचांची नावं. काका कडेला खुर्ची टाकून बसले होते. डाव्या कोपऱ्यावर एक काळासावळा, बारीक पोरगा होता. पूर्वार्धात त्याने एकही पकड केली नाही. मी काकांकडे बघितलं. ते त्या पोराकडे बघत होते. समोरचा चढाईपटू आला, दोनदा डावीकडे पाऊल टाकल्यासारखं केलं, आणि उजवीकडे वळला.