सायकल नवी, पाय तेच

2023 मध्ये चौकोनी चाकांची सायकल जगभरच्या मोबाइलवर फिरली. ती चालते, हे खरेच. पण तिचा चौकोन जागचा हलत नाही. त्याच्या कडांवरून रणगाड्यासारखा पट्टा तेवढा सरकतो. गोल चाक जे सहज करते, तेच करायला इथे जास्त वजन आणि जास्त घर्षण पत्करायचे. संकल्पना-सायकलींच्या आजच्या गर्दीत हा अपवाद नव्हे, नमुना आहे. हब नाही, आरे नाहीत असे पोकळ चाक घ्या. चित्रात ते देखणे दिसते. पण साध्या चाकाचे बेअरिंग मुठीत मावते, इथे तेच काम रिमएवढ्या घेरावर करावे लागते. एवढ्या लांबलचक सांध्यात धूळ शिरू न देणे कुठेही कठीण. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तर विचारायलाच नको. इझहार गाफ्नी यांची पुठ्ठ्याची सायकल 2012 मध्ये गाजली, पण पुढच्या वर्षी लोकवर्गणीतून पुरेसा पैसा उभा राहिला नाही. स्वीडनची प्लॅस्टिकची ‘इतेरा’ तर 1980च्या दशकातच येऊन बंद पडली. या सगळ्यांनी हात घातला तो चाकाला आणि सांगाड्याला, कारण डोळ्यांना तेच दिसते. सायकलचे नेमके हेच भाग शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ सुटलेले आहेत.

न सुटलेला भाग आहे पाय आणि क्रँक यांच्यामधला. नागपुरात हा प्रश्न खूप आधी विचारला गेला. इथले यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक जे. पी. मोडक यांनी सायकलच्या पायडलयंत्रणेचाच अभ्यास केला. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर क्रँक फिरवण्याऐवजी तिच्या लांबीतच वाया जातो. प्रत्येक फेरीत असे दोनदा होते. त्यावर लंबवर्तुळाकार चक्र, दुहेरी तरफ असे पर्याय त्यांनी तपासले. 1979पासून विकसित होत गेलेले त्यांचे विटा पाडण्याचे यंत्र याच विचाराचे फळ. माणूस सुमारे मिनिटभर पायडल मारतो, ऊर्जा जड फ्लायव्हीलमध्ये साठते आणि क्लच जोडला की काही सेकंदांत कामी येते. सलग पायडल मारणारा साधारण माणूस 75 वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग देतो. तेवढ्याने विटेचा माल थेट दाबून काढता आला नसता. हे यंत्र जागेवरून हलत नाही आणि दिसायलाही काही खास नाही, तरी माझ्या मते चौकोनी चाकापेक्षा तीच सायकलची अधिक धाडसी संकल्पना आहे. लंबवर्तुळाकार चक्राची गोष्टही बोलकी आहे. शिमानोने 1983 मध्ये आणलेले ‘बायोपेस’ दहाएक वर्षांत मागे पडले. पण विगिन्स (2012) आणि फ्रूम (2013) यांनी वेगळ्या घडणीच्या अंडाकृती चक्रांवर टूर द फ्रान्स जिंकली. फायदा किती, यावर मतभेद आहेत. तरी हे चक्र नेहमीच्या सायकलला बसते आणि नाही पटले तर काढून ठेवता येते. कल्पना टिकून राहिली ती या सोयीमुळे.

यावर कोणी म्हणेल, आजची साधी सायकलही 1885 मध्ये विक्षिप्तच वाटली असेल. वाटली असेलही. पण उंच चाकावरून तोंडावर आपटणाऱ्या स्वारांची अडचण स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने चेनच्या मदतीने खरोखर सोडवली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1933 मध्ये फ्रान्सिस फोर यांनी रेलून चालवायच्या सायकलवर तासाचा विक्रम केला आणि 1934 मध्ये जागतिक संघटनेने असल्या सायकली शर्यतीबाहेर काढल्या. हा अन्याय होता, हे मान्य. हवेचा विरोध त्या सायकलीत निश्चित कमी होतो. मात्र सीताबर्डीच्या गर्दीत बस-ट्रकच्या चाकांच्या उंचीवर डोके ठेवून जायला कोण तयार होईल?

उपयुक्त असले की टिकतेच, असेही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारली: गिअर दिले, लांब चेन आखूड केली, मागच्या चाकांना ब्रेक लावले. ओढणाऱ्याच्या पायांचा विचार करणारे इतके समंजस काम या क्षेत्रात क्वचितच झाले. पण रस्ते जिंकले ते ई-रिक्षाने. 2015 च्या कायदादुरुस्तीने तिला मान्यताही मिळाली. ओझे ओढणाऱ्याला मोटर हवी होती आणि त्याचे काही चुकले नाही. म्हणूनच पायांवर चालणाऱ्या नव्या रचनेची परीक्षा आता आणखी कडक हवी. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रकल्पस्पर्धांना एक विनंती आहे. परीक्षकांच्या रांगेत एका पंक्चरवाल्याला बसवा, कॅरिअरवर 50 किलोचे पोते बांधा, आणि त्याच्या पेटीतल्या पान्यांनी ज्या सायकलचे मागचे चाक निघत नाही तिला बक्षीस देऊ नका.