ख्रिस्तपुराणातील प्रश्नकर्ता आणि आमचे प्रौढ श्रोते

थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा भाषेच्या गौरवापाशीच थांबते. इंग्लंडात जन्मलेल्या व १५७९ साली गोव्यास आलेल्या ह्या येशूसंघीयाने मराठीची मुक्तकंठाने स्तुती केली, सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, संतकवींच्या वाटेने तो गेला, इतके सांगून झाले की लेखक व वाचक दोघेही कृतार्थ होतात. आम्हीही हा ग्रंथ ह्याच रीतीने शिकलो आणि पुढे ह्याच रीतीने शिकविला. परंतु पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वर अलीकडे पुन्हा वाचताना आम्ही निराळ्याच ठिकाणी अडलो. हा ग्रंथ ज्या प्रसंगातून उगवला असे कवी सांगतो, तो प्रसंग प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा आहे.

प्रसंग सासष्टीतला. धर्मोपदेश चालला असता श्रोत्यांमधील एक ब्राह्मण उठून पाद्रींना विनवितो. तो उपदेश नाकारीत नाही. आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे एखादे पुराण आम्हांस का देत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. पाद्री त्यास गप्प बसवीत नाहीत. पाठ आधी मुखोद्गत कर, असेही सांगत नाहीत. दोन पुराणे आणि पंचाण्णव अवस्वर हे त्या एका प्रश्नाचे उत्तर होय.

ह्या ग्रंथाशेजारी त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक ठेवून पाहावे. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूर येथे छापलेल्या कोंकणी ‘दौत्रिना’च्या मथळ्यावरच ते मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपाने रचल्याचे नमूद आहे. तेथे प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेले. शिकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत करावयाचे. मुलांसाठी ती रीत अयोग्य होती असे आम्ही म्हणत नाही. पण पुराणात मात्र प्रश्न श्रोत्यांचे आहेत. कथा मध्येच थांबते, शंका पुढे येते, पाद्री तिचे निरसन करतात आणि कथा पुन्हा चालू लागते. श्रोत्याचा कान ओवीवर घडलेला आहे हे कवीने मनात धरले. ‘वैकुंठ’ हा शब्द त्याच्या घरातला आहे हे ओळखून स्वर्गासाठी तोच योजला. ज्यास शिकवावयाचे तो रिकामे भांडे नव्हे, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, ऐकलेल्या कथा, मरण आणि कर्ज पाहून तो आपल्यापुढे बसला आहे, ही जाणीव ग्रंथाच्या घडणीतच मुरलेली आहे. एकच मनुष्य मुलांसाठी एक रीत व मोठ्यांसाठी दुसरी योजतो, ही गोष्ट आमच्या मते त्याच्या मराठीच्या स्तुतीहून थोर आहे.

येथे थांबलो असतो तर आमचेही लिखाण गौरवलेखांच्या रांगेत बसले असते. परंतु त्या ब्राह्मणाचे वाक्य पुन्हा ऐकावे. त्याची पुराणे त्याने आपण होऊन टाकली नव्हती. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे देह आणण्यास गेले ते स्टीफन्सच. त्यानंतर गावच्या प्रमुखांना आसोळणे येथे बोलावून ठार करण्यात आले. हे सर्व पाहिलेल्या भूमीत एक प्रौढ मनुष्य उठतो व विनयाने पुस्तक मागतो. त्याच्या विनयात भीती किती आणि जिज्ञासा किती, हे कवी सांगत नाही. कदाचित त्यास तो प्रश्न पडलाच नसावा. शिवाय प्रश्न करणारा पढीक आहे. शेतात राबणारे कुळंबी, मासळी विकणाऱ्या बाया ह्या पहिल्या प्रसंगात उठून काही विचारीत नाहीत. आणि जुन्या देवांविषयी जेथे बोलणे येते तेथे कवीचा स्वर एकाएकी कठोर होतो. तेवढ्यापुरता श्रोता पुन्हा बालक ठरतो, ज्याच्या हातातील वस्तू काढून घ्यावयाची असते.

म्हणून आमचा अभिप्राय असा की ख्रिस्तपुराणाने प्रौढ श्रोत्यास त्याची भाषा दिली, छंद दिला, प्रश्न विचारण्याची मुभा दिली. त्याचा भूतकाळ मात्र त्यास आदराने परत दिला नाही. त्या काळी ते शक्य होते की नव्हते हा वाद येथे नको.

पण आम्हीच आमच्या वर्गात तितके तरी देतो काय? ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत संदिग्ध नाही. १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेने प्रौढांचे शिक्षण हाच धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार ठरविला. १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला व त्यात पहिला टप्पा जिज्ञासेचा ठेवला गेला. दीक्षेपूर्वी माणसाने विचारावे, आम्ही ऐकावे, असा तो क्रम. एम्माउसच्या वाटेवर (लूक २४) प्रभूनेही शास्त्र उलगडण्यापूर्वी त्या दोघांना काय झाले हे विचारले, आणि ज्या गोष्टी त्यास ठाऊक होत्या त्याही त्यांच्या तोंडून ऐकून घेतल्या. हे सारे आम्ही प्रवचनात सांगतो. वर्गात मात्र शाळेची बाके, फळ्यावरची प्रश्नोत्तरे आणि पाठांतर.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दीक्षेची तयारी करीत असलेल्या एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. अक्षरओळख जेमतेम. एरवी त्यांना आम्ही ‘मावशी’ म्हणत असू. वर्गात मात्र सात संस्कारांची नावे क्रमाने आली नाहीत म्हणून आम्ही त्यांना उभे राहावयास सांगितले. शेजारच्या बाकावर त्यांचा जावई बसला होता. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. आम्ही त्याचा ठपका त्यांच्या आळसावर ठेवला, हे येथे लिहिताना शरम वाटते.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, “फादर, माझी सासू स्नानसंस्काराविना गेली. तिनंच मला वाढवलं. ती आता कुठं असंल?” आमच्या प्रश्नोत्तरीत हा प्रश्न नव्हता. व्हॅटिकन महासभेने १९६४ साली सांगितले की स्वतःचा दोष नसता ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते आम्ही साध्या शब्दांत सांगितले. ते सांगताना मनात आले की सासष्टीच्या त्या ब्राह्मणासही आईवडील होतेच. फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ च्या पत्रात जपानमधील नवख्रिस्ती आपल्या पूर्वजांसाठी रडत असल्याचे लिहून ठेवले आहे. सासष्टीत कोणी रडले असेल तर ओवीत त्याची नोंद झालेली नाही.

मावशी पुढच्या रविवारी आल्या. आम्ही बाके भिंतीला लावली व सतरंजी अंथरली. पहिला अर्धा तास आम्ही काही शिकवावयाचे नाही, असे ठरविले. पहिल्या दिवशी कोणीच बोलले नाही. दुसऱ्या रविवारी मावशींच्या जावयाने विचारले, “आमच्या जुन्या ओव्या आता घरात म्हणायच्या की नाही?”